यांचा आवाज

१

म्हैसूर शहर मागे टाकून रस्ता कृष्णराजसागर धरणाकडे निघतो, त्या वाटेवर मेटगळ्ळी लागते. एकेकाळचे हे खेडे आता कारखान्यांच्या वस्तीत मिसळून गेले आहे. येथे टायरचा कारखाना आहे, आणि १९९०च्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या कंपनीने उभारलेला नोटांचा छापखानाही आहे. उंच भिंतींआड चालणाऱ्या त्या छापखान्याचे काम थोडक्यात सांगायचे तर एवढेच, की एक नोट दुसरीहून वेगळी होता कामा नये. क्रमांक तेवढे निराळे. बाकी सारे तंतोतंत तेच. नोटेवरचा आपला विश्वास या तंतोतंतपणावर उभा असतो.

त्याच मेटगळ्ळीतल्या एका आडगल्लीत, एका घराच्या पडवीत मांडलेल्या टेबलावर, मला नेमकी याच्या उलट जातीची वस्तू जवळून पाहायला मिळाली. ती म्हणजे जुन्या रेडिओत आणि ध्वनिवर्धकात असणारा व्हॉल्व्ह. काचेच्या त्या नळीवर छापलेला क्रमांक एकच असतो, पण दोन नळ्या कधी अगदी एकसारख्या नसतात. नोटांचे क्रमांक निरनिराळे आणि नोटा सारख्या. व्हॉल्व्हचा क्रमांक एक आणि व्हॉल्व्ह निरनिराळे. व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो का, या साध्या चौकशीतून माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो यंत्रशास्त्राचा आहे असे आरंभी मला वाटले होते. पुढे कळले की त्याचे एक टोक तेवढे यंत्रात आहे. दुसरे टोक माणसाच्या खरे बोलण्यात आहे.

हकीगत साधी आहे. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. मूळच्या मिरजेच्या, लग्न होऊन म्हैसुरात आल्या त्याला साठ वर्षे होऊन गेली. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्यांच्या यजमानांना रेडिओ जोडण्याचा नाद होता. १९६०च्या दशकात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ध्वनिवर्धक बांधला. मुलार्ड या इंग्रज कंपनीने त्याआधीच्या दशकात प्रसिद्ध केलेला 'पाच-दहा' नावाचा आराखडा तेव्हा देशोदेशींच्या हौशी मंडळींच्या हाती फिरत होता. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून 'पाच-दहा'. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते. त्यामुळे परदेशी मालाची वाट न पाहता असे काही बांधणे म्हैसुरात शक्य झाले होते. या गावाला त्या नादाची परंपराही जुनी. १९३५ साली येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक लहानसे नभोवाणी केंद्र चालू केले. त्याचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले.

यजमान वारल्यावर काकूंनी तो ध्वनिवर्धक झाकून ठेवला नाही. रविवारी सकाळी पूजा आटोपली की त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या एकदोन तबकड्या लावीत. मिरजेत ज्यांचा दर्गा आहे त्या मीरासाहेबांच्या अंगणाशी खाँसाहेबांचे नाव कायमचे जोडलेले, आणि म्हैसूरच्या दरबारातही त्यांचे गाणे अनेकवार झालेले. तेव्हा काकूंचे माहेर आणि सासर त्या एका आवाजात एकत्र येत असे म्हटले तरी चालेल. अलीकडे मात्र तो आवाज फाटू लागला होता. स्वर चढला की चिरका होई, खर्जात गढूळपणा येई. दुरुस्ती करून घ्या, असा आग्रह मीच धरला आणि गल्लीतल्या कारागिराला मीच घेऊन आलो. कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ घरीच जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी आपल्या तपासणी-यंत्रावर पाहिले आणि शेवटच्या टप्प्यातले ईएल-८४ जातीचे दोन्ही व्हॉल्व्ह दमले असल्याचे सांगितले. नवी जोडी बसवली. तबकडी लागली. काकूंनी एक बाजू पुरी ऐकली आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो. पण हा यांचा आवाज नव्हे."

कारागिरांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातली, न वापरलेली पण जुन्या साठ्यातली दुसरी जोडी आणून लावली. काकूंनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात ते ध्वनिवर्धकच घरी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आणून जागी ठेवला. या वेळी पहिल्याच आलापाला काकू सावरून बसल्या. "हाच. आता यांचा आवाज आला," म्हणाल्या. कारागिरांनी पैसे घेतले नाहीत. फाटकाबाहेर आल्यावर ते मला हलक्या आवाजात कानडीत म्हणाले, "सर, पहिल्या दिवशी लावली होती तीच नवी जोडी आहे. मी पिना आणि सॉकेट स्पिरिटने पुसले, दुसरे काही केले नाही. अम्मांचे समाधान झाले, पुरे."

मी त्या दिवशी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

२

निवाडा करण्यापूर्वी साक्षीदार कोण आहे ते समजून घेतले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यात मध्यभागी एक धातूची बारीक नळकांडी असते; तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप दिलेला असतो. आतली तार तापली की त्या लेपातून विद्युत्कण बाहेर पडतात आणि भोवतालच्या धन पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक तारांची जाळी असते. जाळीवर आलेला क्षीण विद्युत्संकेत त्या मोठ्या प्रवाहाला अडवतो वा मोकळा सोडतो. कालव्याच्या दारावर ठेवलेला हात जसा साऱ्या पाण्याला वळण देतो, तसे. जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ साली जाळीविना दोन अवयवांचा व्हॉल्व्ह केला. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा अवयव घातला, आणि कुजबुजीचा पुकारा करणारे साधन माणसाच्या हाती आले.

हे साधन झिजते. लेप हळूहळू निकामी होतो, विद्युत्कणांचा पुरवठा आटतो आणि आवाज मोठा करण्याची वेळ आली की व्हॉल्व्हला तो पेलवत नाही. काचेच्या आत, बहुधा माथ्याशी, आरशासारखा चंदेरी डाग दिसतो. आत उरलेसुरले वायू शोषून घेण्यासाठी मुद्दाम उडवलेला तो बेरियमचा थर असतो. काचेला तडा जाऊन हवा शिरली की तो डाग पांढराफटक पडतो, आणि व्हॉल्व्ह मेला हे यंत्राशिवायही कळते. काही व्हॉल्व्ह मरत नाहीत, पण त्यांचे आतले अवयव सैल होतात. बोटाने टिचकी मारली तर स्पीकरमधून टण्‌ असा नाद निघतो. अशा कारणांनी व्हॉल्व्ह बदलला तर आवाजात पडणारा फरक खरा असतो, मोजता येतो, आणि तो ऐकायला तयार कान लागत नाही.

वेगळ्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह घातला तरी फरक पडणारच. ईसीसी-८३ आणि ईसीसी-८२ या दोन नळ्या दिसायला जुळ्या बहिणी, एकाच सॉकेटात बसणाऱ्या. पण पहिलीचा वर्धनांक शंभर, तर दुसरीचा विसाच्याही आत. एकीच्या जागी दुसरी घालून "आवाज किती शांत झाला" म्हणणे म्हणजे पखवाजाच्या जागी डफ ठेवून वादकाच्या स्वभावात पालट झाला म्हणण्यासारखे आहे. याशिवाय काही ध्वनिवर्धकांत शेवटचे व्हॉल्व्ह बदलल्यावर त्यांचा विश्रांतीतला प्रवाह नव्याने जुळवून घ्यावा लागतो. तो जुळवला नाही तर धन पत्रा लालभडक होऊन व्हॉल्व्ह जळतो. काकूंच्या यजमानांनी निवडलेल्या आराखड्यात हे जुळवून घेणे आपोआप होते. तरीही आत तीनशे व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो आणि वीज बंद केल्यावरही काही काळ धारित्रांत दडून राहतो. म्हणून हे काम कारागिरानेच करावे.

खरी गुंतागुंत उरते ती एकाच क्रमांकाच्या, दोन्ही धडधाकट अशा व्हॉल्व्हांविषयी. आज नवे व्हॉल्व्ह रशियातल्या सारातोव्हहून, स्लोव्हाकियातून आणि चीनमधून येतात. बंद पडलेल्या कारखान्यांचा जुना न वापरलेला माल त्यांच्या अनेक पटींनी महाग विकला जातो. दोहोंत फरक असतो का? असतो, तपासणी-यंत्राचा काटा तो दाखवतो. पण त्यातला किती भाग कानापर्यंत येतो, हे मंडलाच्या रचनेवर अवलंबून आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक हा अमेरिकन अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर जात होता. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून आरंभीच्या संकेतात परत मिसळला, तर ध्वनिवर्धकाने स्वतःच्या पदरचे घातलेले दोष आपोआप कापले जातील, ही कल्पना त्याला त्या बोटीत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर टिपून घेतली. या युक्तीला ऋण प्रत्याभरण म्हणतात. ज्या यंत्रात ते भरपूर आहे, त्यात एका व्हॉल्व्हच्या जागी तसाच दुसरा निरोगी व्हॉल्व्ह आला तर आवाज फारसा हलत नाही. ज्यात ते नाही, त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह आपला स्वभाव उघड करतो. 'पाच-दहा'मध्ये ते भरपूर आहे.

येथवर आले की शास्त्राचा निकाल हाती येतो. पहिल्या दिवशी काकूंनी "हा आवाज वेगळा आहे" म्हटले ते अगदी बरोबर होते. दमलेली जोडी जाऊन ताजी जोडी आली होती. तिसऱ्या वेळी "तोच आवाज परत आला" म्हटले ते बरोबर नव्हते. पिना पुसल्याने क्वचित खरखर जाते, पण नवी जोडी जुनी होत नाही. एकाच माणसाचे कान एकदा सत्य सांगतात आणि एकदा नाही, आणि दोन्ही वेळा त्या माणसाचा प्रामाणिकपणा तितकाच पुरा असतो.

३

कारागिरांची बाजू मी मनाशी मांडून पाहिली. त्यांनी खोटे एकही वाक्य उच्चारले नव्हते. पैसे घेतले नव्हते. एका एकट्या बाईच्या रविवारच्या सकाळी परत मिळवून दिल्या होत्या. वैद्य कधी साखरेची पुडी देतो आणि रोग्याला बरे वाटते. मग वैद्याने आपली पुडी उघड करावी का? आपल्याकडे सत्य बोलावे तसे प्रिय बोलावे असेही सांगितले आहे, आणि अप्रिय सत्य गिळण्याची सोय या उपदेशात आपण नेहमीच शोधत आलो आहोत. मीही काही आठवडे ती सोय वापरली.

माझे समाधान होत नव्हते, त्याचे कारण निराळे होते. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या होत्या की नवे व्हॉल्व्ह कामाचे नाहीत, कारागिरांनी यांच्या काळचे व्हॉल्व्ह शोधून आणले तेव्हा कुठे आवाज आला. आमचे मौन त्यांच्या तोंडून खोटे बोलत होते. आपण ज्याला दया म्हणतो तिच्यात समोरच्याला आपल्याहून कमी सोसणारे समजण्याचा अंश असतो, हे मला त्या दिवसांत प्रथम खुपले. पंचाऐंशीच्या घरातल्या बाईला नवऱ्याचा मृत्यू सोसतो आणि व्हॉल्व्हविषयीचे सत्य सोसणार नाही, हे मी कशावरून ठरवले होते?

एका रविवारी मी सांगून टाकले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे कान खोटे?"

या प्रश्नाला तयार उत्तर नव्हते. 'नाही' म्हणणे ही पुन्हा साखरेची पुडी ठरली असती. 'होय' म्हणणे अर्धसत्य ठरले असते. मार्ग त्यांनीच काढला. खाँसाहेबांविषयीची एक गोष्ट त्यांच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होती. १९१०च्या आगेमागे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचे मोजमाप करीत होते, तेव्हा खाँसाहेबांनी आपला गळा त्यांच्या कामी दिला होता. "एवढा मोठा गवई मोजून घ्यायला बसला," काकू म्हणाल्या, "तर मला कसली लाज? त्यांना बोलवा. माझेही मोजा."

मग दोन सकाळी आम्ही ती परीक्षा केली. काकू आतल्या खोलीत, दारावर पडदा. बाहेर नाणे उडवून कोणती जोडी लावायची ते ठरे. मोठा आवाज नेहमी बरा वाटतो आणि किंचित मोठा असेल तर मोठा आहे हे कळतही नाही, फक्त अधिक जिवंत वाटतो. म्हणून मोबाइलवरून एक स्थिर स्वर लावून कारागीर प्रत्येक वेळी मीटरवर पातळी सारखी करीत. व्हॉल्व्ह निववायला, बदलायला आणि पुन्हा तापायला काही मिनिटे जात. आवाजाची बारीक आठवण तेवढा वेळ टिकत नाही, हा या परीक्षेतला दोष आम्हांला मान्य होता. तबकडी एकच, झिंझोटीतली ठुमरी.

यजमानांच्या वेळची दमलेली जोडी आणि नवी जोडी यांत काकूंनी दहापैकी दहा वेळा अचूक ओळख दिली. मला दहापैकी सातच वेळा जमले. नवी जोडी आणि जुन्या साठ्यातली जोडी यांत त्यांची उत्तरे दहापैकी सहा वेळा बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी सहा वा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता तिनांत एकाहून थोडी अधिक असते. तेव्हा या सहांवरून काही सिद्ध होत नाही.

काकूंनी निकाल शांतपणे ऐकला. कान खोटे नव्हते; माझ्याहून कितीतरी खरे होते. पण जेथे फरक नव्हता किंवा फारच सूक्ष्म होता, तेथे कानाने मनाचे उसने घेऊन बोलायला सुरुवात केली होती. हे त्यांच्या एकटीचे वैगुण्य नव्हे. रिकाम्या जागी आपले काही भरल्याशिवाय ऐकता येते का, हाच प्रश्न आहे.

४

परीक्षेने एक गोष्ट मात्र उघडी पाडली आणि तिने मला अधिक अस्वस्थ केले. काकूंना जो 'यांचा आवाज' म्हणून हवा होता, तो दमलेल्या व्हॉल्व्हांचा आवाज होता. यजमानांच्या अखेरच्या वर्षांत जो ऐकू येत होता, तो. मुळात ज्या दिवशी त्यांनी ध्वनिवर्धक बांधला, त्या दिवशीचा आवाज या नव्या जोडीच्या आवाजाच्या अधिक जवळचा असणार. मग 'यांचा' आवाज कोणता? पंचविशीतल्या तरुणाने पहिल्यांदा ऐकलेला, की वृद्धाने शेवटी ऐकलेला?

वस्तूचे भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजाविषयी विचारला. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचा दाखला दिला, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक म्हणता येत नाही आणि दोन वेगळे दिवेही म्हणता येत नाहीत. तापलेल्या तारेच्या मंद तांबूस उजेडाकडे पाहताना मला तो दिवा आठवत राहिला. पण नागसेनाचा दिवा स्वतःविषयी काही दावा करीत नाही. ध्वनिवर्धक करतो. तो म्हणतो, मी खाँसाहेबांचा आवाज तुमच्यापर्यंत आणतो आहे. म्हणून त्याला निष्ठेचा प्रश्न विचारता येतो.

येथे मिरजेचाच एक दाखला समोर येतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात. घोडीचा पृष्ठभाग विशिष्ट उतार देऊन घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. त्यामुळे मूळ स्वराभोवती उपस्वरांचे तेजोवलय उभे राहते. षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिले की तार एरवी जे उपस्वर देणार नाही तेही तंबोऱ्यात या रचनेमुळे जागे होतात. दमलेल्या, एकमेकींशी जुळेनाशा झालेल्या व्हॉल्व्हांच्या जोडीतही काहीसे असेच घडते. शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध जोडलेले असतात. दोघे समबल असतील तर त्यांनी उत्पन्न केलेले सम उपस्वर एकमेकांना खोडतात. एक दुबळा झाला की खोडणे अपुरे राहते आणि स्वराच्या वर त्याच्याच तार सप्तकातली छटा मिसळते. काकूंना भावलेली गोडी निव्वळ कल्पना नव्हती. ती यंत्रात खरोखर होती.

मग तंबोऱ्यात जी श्रीमंती, ती ध्वनिवर्धकात दोष का? माझ्या मते भेद एवढाच, की तंबोरा स्वतः बोलतो आणि ध्वनिवर्धक दुसऱ्याचा निरोप आणतो. बोलणाऱ्याने आपला आवाज जवारीदार ठेवावा. निरोप्याने पदरचे शब्द घालू नयेत. यावर कोणी म्हणेल की निरोप तरी निर्भेळ कोठे आहे? खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिलेल्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन झाल्या, त्यांत वीज नव्हती. १९२५नंतर ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह आले, आणि १९३०च्या दशकात ओडियनसाठी गायलेले त्यांचे गाणे व्हॉल्व्हमधून जाऊनच मेणावर उमटले. १९३७ साली ते गेले. त्यांचा गळा प्रत्यक्ष ऐकून पडताळा देईल असे आता कोणी नाही. निरोप पहिल्याच मुक्कामी रंगला होता, तर शेवटच्या मुक्कामी थोडा आणखी रंगला, त्यात काय बिघडले?

बिघडत काहीच नाही, जोवर रंगाला रंग म्हटले जाते तोवर. एखाद्याला दमलेल्या व्हॉल्व्हांची गोडी आवडते, तर त्याने ती खुशाल घ्यावी. तीत अनीती नाही. अनीती सुरू होते ती गोडीला सत्य म्हणून विकण्यापासून, आणि 'मला असे ऐकू येते' या वाक्याच्या जागी 'हे असे आहे' हे वाक्य ठेवण्यापासून. पहिले वाक्य कोणालाही खोडता येत नाही. दुसऱ्याने पडद्याआडच्या परीक्षेला तयार असले पाहिजे. जुन्या व्हॉल्व्हांच्या बाजारात दुसऱ्या वाक्याची किंमत लोक मोठी मोजतात. आणि जवळच्या माणसांत आपण ते वाक्य दयेपोटी खपवून घेतो, जसे मी घेतले. आवाज निष्ठ आहे की नाही याची चिंता मी महिनाभर केली. निष्ठेचा खरा प्रसंग आवाजाचा नव्हता, त्या आवाजाविषयी आम्ही काय सांगितले याचा होता.

कारागिरांवर मात्र मी हा नियम तितक्या सहजपणे लावू शकत नाही. त्यांनी मला तरी त्याच संध्याकाळी सत्य सांगितले. मी ते पोटात ठेवले. दोघांत अधिक चुकला तो मी, असे मला वाटते.

परीक्षेनंतर काकूंनी यजमानांची एक वही काढली. बांधणीच्या दिवसापासूनच्या नोंदी तिच्यात होत्या: कोणता रोध बदलला, कोणते धारित्र. त्यांत ईएल-८४च्या चार नोंदी निघाल्या. चार वेळा त्यांनी स्वतः जोडी बदलली होती; शेवटची १९९०च्या दशकात. काकूंना त्यांतली एकही आठवत नव्हती. "कधी बदलले ते मला कळलेसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. चार वेळा दमलेला आवाज जाऊन ताजा आवाज आला होता, आणि दहापैकी दहा वेळा फरक ओळखणाऱ्या कानांनी चारही वेळा काही वेगळे म्हणून नोंदवले नव्हते. बदलणारा माणूस घरात होता तोवर बदललेला आवाजही त्याचाच होता. तो गेल्यावर प्रत्येक फरक त्याच्या नसण्याचा फरक झाला. व्हॉल्व्हच्या जागी बसवता येईल असे त्यावर काही नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही जणू तसे काही बसवल्याचे त्यांना वाटू दिले होते.

काकूंनी नवी जोडीच ठेवली. यजमानांची जोडी कागदात गुंडाळून वहीबरोबर पेटीत गेली. मग त्यांनी वही कारागिरांपुढे सरकवली आणि पाचवी नोंद करायला सांगितली. त्यांनी कानडीत तारीख घातली, दोन्ही व्हॉल्व्हचे क्रमांक लिहिले. काकू थांबल्या नाहीत. "त्या दुसऱ्या दिवसाचेही लिहा," म्हणाल्या. कारागिरांनी माझ्याकडे पाहिले; मग खाली आणखी एक ओळ लिहिली. मला कानडी वाचता येते. पिना व सॉकेट साफ केले. व्हॉल्व्ह बदलले नाहीत, एवढेच तिच्यात होते.